प्रॉपच्या नावावर काय असतं? ('ठाणेकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

ठाणेकर, नमस्कार.

रग्बी लीगमधला इंग्लिश प्रॉप, म्हणजे पुढे जाऊन धडका घेणारा गडी, जेम्स ग्रॅहम याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया चांगलीच तिखट आहे. "धन्यवाद, वाचत राहा" म्हणून तिची बोळवण करता येणार नाही, म्हणून हे स्वतंत्र उत्तर. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देतो. ज्याने सलग पाच फायनल हरल्या, ज्याच्या नावावर ट्राय (रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणं) अगदी मोजके, ज्याने फायनलमध्ये समोरच्याचा कान चावला, त्याची कारकीर्द मोठी कशी? रेड्यासारखं अंगावर जायचं, आपटायचं, उठायचं आणि पुन्हा जायचं, यात कौशल्य कसलं? यापेक्षा आपली कबड्डी बरी, तिथे डोकं लागतं. आणि जो खेळ माणसांची डोकी फोडतो त्याचं मराठीत कौतुक करून तुम्ही काय साधताय?

कान आधी उरकून घेऊ. 2012 ची एनआरएल (ऑस्ट्रेलियातली रग्बी लीगची मुख्य स्पर्धा) ग्रँड फायनल, ग्रॅहमचे कँटरबरी बुलडॉग्ज विरुद्ध मेलबर्न स्टॉर्म. धक्काबुक्की झाली, त्यात मेलबर्नच्या बिली स्लेटरने कान चावल्याची तक्रार केली. ग्रॅहमने आरोप नाकारला, शिस्तपालन समितीने तो मान्य धरला आणि बारा सामन्यांची बंदी घातली. समर्थन करण्यासारखं त्यात काही नाही आणि मी ते करणारही नाही. वर माझ्याकडून आणखी एक भर घाला. 2015 च्या गुड फ्रायडेला साउथ सिडनीचा अॅडम रेनल्ड्स ड्रॉप गोल (चेंडू जमिनीवर सोडून, उसळताच खांबांमधून लाथाडणं) मारत असताना ग्रॅहम त्याच्या पायांवर जाऊन आदळला, समोरच्यांना पेनल्टी मिळाली, सामना गेला, आणि कर्णधार असूनही तो पंचांशी तावातावाने भांडत राहिला. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या. गडी साधुसंत नव्हता. पण चारित्र्याचा दाखला देण्यासाठी मी लेख लिहिला नव्हता, प्रॉप या जागेवर खेळणाऱ्या माणसाचं काम काय असतं हे सांगायला लिहिला होता. तुमचा खरा आक्षेप तिथेच आहे.

रग्बी लीगमध्ये तेरा खेळाडू, त्यात सहा फॉरवर्ड, म्हणजे पुढची धडका घेणारी फळी. प्रॉप त्यातलाच. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं) मिळतात, सहाव्यानंतर चेंडू समोरच्याला. म्हणून पाच टॅकलमध्ये जमेल तितकं पुढे सरकायचं आणि शेवटी लाथेने चेंडू लांब धाडायचा, हा सर्वसाधारण हिशेब. आता तुमचा 'रेडा' काय करतो ते जरा जवळून पाहू. मी पश्चिम सिडनीत राहतो, बुलडॉग्जच्या बेलमोरच्या मैदानावर कुंपणाला टेकून हे पाहता येतं. टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागे पळतो, त्यामुळे यातलं निम्मं दिसतच नाही.

समोरची रांग दहा मीटरवर. चेंडू हातात येताच प्रॉप तिच्या दिशेने सुटतो, पण नेमका माणसावर नाही, दोघांच्या मधल्या फटीवर. कारण एकाने धरलं तर तो लगेच पाडतो, दोघांना एकमेकांकडे बघावं लागलं तर अर्धी पावलं जास्त मिळतात. दोघे-तिघे लटकतात. आता त्यांना त्याला पाठीवर उताणा पाडायचाय आणि याला पडायचंय पोटावर, गुडघे आणि कोपरं खाली ठेवून. सगळी झटापट त्यासाठी. पोटावर पडला की झटकन उठता येतं, चेंडू जमिनीवर टेकवून टाचेने मागे सारता येतो. याला प्ले-द-बॉल म्हणतात. तो लवकर झाला तर बचाव करणारे अजून मागे हटतच असतात, पाय उलट्या दिशेला, तोंडाला फेस. तेवढ्यात मागे वाकलेला हुकर चेंडू उचलून पळतो आणि पुढच्या दोन टॅकलमध्ये रांगेला खिंडार पडतं. उताणा पडला तर अंगावर तीन जण लोळत राहतात, रांग नीट लागते, आणि पुढचा गडी भिंतीवर जाऊन आदळतो.

चांगल्या दिवशी प्रॉप हे पंधरा-वीस वेळा करतो आणि शिवाय पंचवीस-तीस टॅकल. प्रत्येक टॅकलनंतर दहा मीटर मागे, पुन्हा पुढे. धाप लागलेली असताना आपण पोटावर पडायचं की पाठीवर, कोपर कुठे ठेवायचं, समोरच्या तिघांतला दमलेला कोण, हे ठरवायला डोकं लागत नाही असं तुम्हाला वाटत असेल तर माझा नाइलाज आहे.

कबड्डीचा विषय तुम्हीच काढलात ते बरं झालं. चढाईपटूला गुण मिळतात, टाळ्या मिळतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. कोपरारक्षकाने चार चढाया घोटा पकडायची नुसती हूल देऊन समोरच्याला रेषेपाशी परत पाठवलं, तर त्याच्या नावापुढे शून्य. पण ठाण्या-मुंबईच्या मैदानांवरचा कुठलाही जाणता प्रेक्षक त्याला शून्य म्हणत नाही. एवढीच नजर प्रॉपकडे वळवा म्हणतोय.

आता ग्रॅहमच्या कौशल्याबद्दल, कारण मूळ लेखात ते मी दोन ओळींत उरकलं होतं आणि तिथे जास्त लिहिण्यासारखं आहे. तो नुसता धडका मारणारा प्रॉप नव्हता, पास देणारा प्रॉप होता. 2011 मध्ये बुलडॉग्ज पहिल्या आठांतही नव्हते. 2012 ला प्रशिक्षक म्हणून डेस हॅसलर आला, इंग्लंडहून ग्रॅहम आला, आणि साखळीत संघ थेट पहिला. हॅसलरने केलं काय? त्याने मोठ्या माणसांच्या हातात चेंडू दिला आणि त्यांना पास करायला लावलं. ग्रॅहम, सॅम कासियानो, ग्रेग ईस्टवूड, सगळी अवाढव्य माणसं. ग्रॅहम चेंडू दोन्ही हातांत धरून रांगेवर जायचा. एका हाताने बगलेत मारला की बचाव करणाऱ्याला कळतं की हा आता धडकणार. दोन हातांत असेल तर शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. तीन जण त्याच्यासाठी सरसावले, की अगदी अंगाला अंग लागता लागता तो चेंडू मागून येणाऱ्याकडे सोडायचा आणि मग स्वतः ती धडक खायचा. पास दिल्यानंतर खायची धडक ही जास्त वाईट, कारण तेव्हा अंग सैल असतं.

त्या मोसमातलं सर्वोत्तम खेळाडूचं डॅली एम पदक कोणाला मिळालं? बुलडॉग्जचा फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागे उभा राहणारा, बेन बार्बा. होताही तो विजेसारखा, पदकाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्याला पळायला मिळालेल्या जागा पुन्हा बघा आणि त्या कोणी उघडल्या ते मोजा. प्रॉपच्या 'नावावर' जे असतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खात्यात जमा होतं. तरीही कधी कधी हिशेब लागतो. 2008 मध्ये सेंट हेलेन्सकडून खेळताना ग्रॅहमला मॅन ऑफ स्टील मिळालं, म्हणजे इंग्लंडच्या सुपर लीगमधला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू. वय 23. प्रॉपला.

त्याच वर्षी तो फायनल हरला, हे तुम्ही लगेच सांगाल. बरोबर. 2007, 2008, 2009 लीड्सकडून, 2010 विगनकडून, 2011 पुन्हा लीड्सकडून. तुमची यादी इथे थांबते, पण खरं तर ती अपुरी आहे. 2012 मेलबर्नकडून 14-4, 2014 साउथ सिडनीकडून 30-6, आणि 2 डिसेंबर 2017 ला ब्रिस्बेनमध्ये वर्ल्ड कप फायनल, ऑस्ट्रेलियाकडून 6-0, इंग्लंडचा कर्णधार ग्रॅहम. म्हणजे मोठ्या फायनलमधले आठ पराभव. मला यात अपयश कमी आणि दुसरंच काही जास्त दिसतं. आठ वेळा फायनलपर्यंत पोचणाऱ्या संघांमध्ये मधली फळी कोण सांभाळत होतं? 2014 चे बुलडॉग्ज तर सातव्या नंबरवरून फायनलला आले होते. त्या 6-0 बद्दलही एक सांगतो. ऑस्ट्रेलियासारख्या संघाला ऐंशी मिनिटांत एका ट्रायवर रोखणं हे इंग्लंडच्या फॉरवर्डनी केलेलं काम होतं. तो एकुलता ट्रायही बॉइड कॉर्डनर नावाच्या फॉरवर्डने केला, पण त्याच्याकडे नंतर येतो.

आणि मग 27 नोव्हेंबर 2020. ग्रॅहम 35 वर्षांचा, ऑस्ट्रेलियातून परत सेंट हेलेन्समध्ये आलेला, कारकिर्दीतला शेवटचा सामना. कोविडमुळे हल शहरातलं मैदान रिकामं. समोर विगन, 4-4 बरोबरी, शेवटचे सेकंद. टॉमी मॅकिन्सनने लांबून ड्रॉप गोल मारला, चेंडू खांबावर आपटला, भोंगा वाजलेला, चेंडू उसळून ट्रायच्या रेषेपलीकडे पडला आणि 19 वर्षांच्या जॅक वेल्सबीने विगनच्या खेळाडूआधी त्यावर हात टेकवला. 8-4. यात ग्रॅहमचं नाव कुठेच नाही, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. पण विगनला ऐंशी मिनिटं चारच गुणांवर अडकवलं नसतं, तर त्या खांबावरच्या चेंडूला काही किंमत नव्हती.

थोडं विषयांतर करतो. "पैशासाठी हाडं मोडून घेणारे" असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. या खेळाचा जन्मच पैशाच्या भांडणातून झाला. 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी रग्बी चालवणाऱ्या संघटनेशी, रग्बी युनियनशी, काडीमोड घेतला, त्यात सेंट हेलेन्सही होतं. मागणी साधी होती. शनिवारी सामना खेळला की खाणीतल्या आणि गिरणीतल्या माणसाचा त्या पाळीचा पगार बुडतो, तेवढी भरपाई द्या. दक्षिणेतल्या सुखवस्तू मंडळींना ते खेळाच्या पावित्र्याला बाधक वाटलं. रग्बी युनियनच्या खेळातही 1995 मध्ये, तब्बल शंभर वर्षांनी, खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायला मान्यता मिळाली. तेव्हा प्रॉपने अंगमेहनतीचे पैसे घेणं यात खाली बघण्यासारखं काही नाही, गिरणगाव पाहिलेल्या मुंबईला तर हे वेगळं सांगायला नको.

राहिला डोक्याचा प्रश्न. इथे तुमचं अर्धं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

2014 च्या फायनलचा पहिला मिनिट. साउथ सिडनीचा सॅम बर्जेस पहिलीच धाव घेतो, त्याला टॅकल करायला येतो ग्रॅहम. दोघेही इंग्लंडचे, राष्ट्रीय संघातले सोबती. डोक्यावर डोकं. बर्जेसच्या गालाचं हाड आणि डोळ्याची खोबण मोडली. तो पूर्ण ऐंशी मिनिटं खेळला, साउथ सिडनीने 43 वर्षांनी विजेतेपद मिळवलं आणि सामनावीराचं क्लाइव्ह चर्चिल पदक त्यालाच मिळालं. साउथ सिडनीच्या जुन्या लोकांना 1970 ची फायनल आठवली. तेव्हा कर्णधार जॉन सॅटलर जबडा मोडलेला असताना शेवटपर्यंत खेळला होता. पिढ्यानपिढ्या अशा गोष्टी अभिमानाने सांगितल्या जातात. माझ्या लेखात बर्जेसच्या त्या दुखापतीवर मी टाळी वाजवलेली नाही, पुन्हा वाचा. मी लिहिलं होतं की त्या धडकेतला दुसरा माणूस कोण होता हे कोणालाच आठवत नाही.

त्या दुसऱ्या माणसाने खेळ सोडल्यावर काय केलं, ते मात्र लेखात यायला जागा नव्हती. ग्रॅहमने डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराचे मेंदूवर काय परिणाम होतात यावर पॉडकास्ट मालिका केली, संशोधकांना प्रश्न विचारले, स्वतःचा मेंदू तपासून घेतला. हा प्रश्न बुलडॉग्जच्या घरातलाच आहे. स्टीव्ह फोक्स त्याच क्लबचा फॉरवर्ड, 1980 च्या दशकात चार विजेतेपदं जिंकणारा, नंतर प्रशिक्षक म्हणून 2004 चं विजेतेपद मिळवणारा. 2018 मध्ये तो 59 व्या वर्षी गेला, आणि मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या तपासणीत सीटीई हा आजार सापडला. डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसणाऱ्यांमध्ये आढळणारा हा मेंदूचा विकार. खेळातही बदल झालेत. खांद्याने थेट ठोकर मारणं एनआरएलने 2013 पासून बंद केलं, डोक्याला मार लागल्याची शंका आली की खेळाडूला बाहेर नेऊन तपासतात. पुरेसं आहे का? मला नाही वाटत.

पण म्हणून या लोकांबद्दल लिहूच नये, हे तुमचं उरलेलं अर्धं म्हणणं मला पटत नाही. गप्प बसल्याने एकाचंही डोकं वाचणार नाही. उलट प्रॉपला बिनडोक रेडा ठरवलं, की त्याच्या डोक्याचं काय झालं हे विचारायची गरजच उरत नाही. तुमच्या प्रतिक्रियेतल्या पहिल्या आणि शेवटच्या आक्षेपाचं एकमेकांशी पटत नाही, ते इथे.

शेवटी तुम्ही सुचवलंय की पुढच्या वेळी एखाद्या विंगरवर (मैदानाच्या कडेने पळणाऱ्यावर) लिहा, निदान पळताना बघायला तरी मजा येते. मजा येते हे कबूल, पण पुढचा लेख बॉइड कॉर्डनरवर लिहून तयार आहे. रूस्टर्सचा, न्यू साउथ वेल्सचा आणि ऑस्ट्रेलियाचा कर्णधार, तीन विजेतेपदं, आणि डोक्याच्या दुखापतींमुळे 29 व्या वर्षी खेळ बंद. तोही फॉरवर्डच आहे. रविवारपर्यंत टाकतो, तिथेही या भांडायला.