सरकणारी नावं वाचा

सिनेमा संपतो, काळ्या पडद्यावर नावं वर सरकायला लागतात आणि दोन-चार सेकंदांत ती सगळी कोपऱ्यातल्या काडेपेटीएवढ्या चौकटीत कोंबली जातात. उरलेल्या जागेत कुठल्यातरी नव्या मालिकेचा ट्रेलर आणि उलटी मोजणी. रिमोट हाताशी येईपर्यंत ती मालिका सुरूसुद्धा झालेली असते. या प्रकाराचा मला मनापासून राग येतो. कलाकारांचा मान वगैरे राहू द्या बाजूला, पण पुढे काय बघायचं याची सगळ्यात भरवशाची यादी त्या नावांत असते आणि नेमकी तीच झाकली जाते.

'एवढं सगळं आहे, पण बघण्यासारखं काहीच सापडत नाही' हे आपण सगळेच म्हणतो. सापडणार कसं? ॲपच्या पहिल्या पानावर जे दिसतं ते त्यांच्याकडे आज हक्क असलेल्या गोष्टींतूनच निवडलेलं असतं, त्यातही त्यांना पुढे करायचं असेल ते आधी. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये स्पर्धा लावली होती: कुठला प्रेक्षक कुठल्या सिनेमाला किती तारे देईल याचा अंदाज आमच्यापेक्षा १० टक्क्यांनी अचूक करून दाखवा आणि १० लाख डॉलर घ्या. २००९ मध्ये एका चमूने ते बक्षीस नेलंसुद्धा. पुढे २०१७ मध्ये तारेच काढून टाकले आणि त्या जागी अंगठा आला. त्याच वर्षी कंपनीने स्वतःच सांगितलं की एकाच सिनेमाचं चित्र प्रत्येकाला वेगळं दाखवलं जातं. प्रेमकथा बघणाऱ्याला त्यातलं जोडपं, विनोदी बघणाऱ्याला त्यातला विनोदी नट. सिनेमा तोच, बोहल्यावर चढवताना चेहरा मात्र स्थळ बघून!

असो. माझी रीत साधी आहे. आवडलेल्या सिनेमातलं एक नाव धरायचं आणि त्याच्या मागे जायचं. दिग्दर्शकाच्या मागे सगळेच जातात. मजा येते ती कॅमेरामन, संकलक, लेखक यांच्या मागे गेल्यावर.

पोलंडचा दिग्दर्शक किश्लोव्स्की याची 'डेकालॉग' ही दहा भागांची टीव्ही मालिका घ्या. दहा भागांना मिळून नऊ कॅमेरामन होते. त्यातला पाचवा भाग बघताना कुणालाही जाणवतं की इथे काहीतरी बिनसलंय. सगळं शहर आजारी, हिरवट-पिवळट दिसतं, चौकटीच्या कडा काळवंडलेल्या, माणसाचा चेहरा तेवढा उजेडात. हे स्लावोमिर इद्झियाक या कॅमेरामनने भिंगापुढे फिल्टर लावून केलंय. आता हे नाव धरून पुढे जा. किश्लोव्स्कीचाच 'ब्लू' लागतो, मग 'गॅटाका' ही अमेरिकी विज्ञानकथा, मग 'ब्लॅक हॉक डाउन' हा युद्धपट आणि शेवटी चक्क हॅरी पॉटरचा पाचवा सिनेमा! पोलिश टीव्हीपासून हॅरी पॉटरपर्यंत नेणारी शिफारस कुठलं यंत्र करेल? त्याच्या लेखी या दोन टोकांचे प्रेक्षकच वेगळे. 'गॅटाका'तला तो पिवळा उजेड बघून मात्र लगेच कळतं, हात ओळखीचा आहे.

मालिकांच्या बाबतीत लेखक धरावा, आणि तोही त्या-त्या भागाचा. १९९८ मध्ये 'द एक्स-फाइल्स' या अमेरिकी मालिकेचा एक भाग व्हिन्स गिलिगनने लिहिला होता. त्यात ब्रायन क्रॅन्स्टन नावाच्या नटाने एक अत्यंत खडूस माणूस असा उभा केला की त्याचा राग यावा आणि दयाही यावी. दहा वर्षांनी त्याच गिलिगनने आपल्या 'ब्रेकिंग बॅड'साठी त्याच नटाचा हट्ट धरला. पुढे ती मालिका किती गाजली हे सगळ्यांना माहीत आहे. पण तो जुना भाग बघून ज्यांनी ही दोन नावं लक्षात ठेवली असतील, त्यांना २००८ मध्ये जाहिरातीची गरजच पडली नसेल.

दुसरी एक खाण सांगते. ऑस्करच्या परदेशी सिनेमाच्या विभागासाठी प्रत्येक देश वर्षाला एकच सिनेमा पाठवतो. १९५६ पासून ही स्पर्धा चालू आहे आणि हल्ली ऐंशीहून अधिक देश त्यात असतात. बातमी होते ती शेवटच्या पाच नामांकनांची. पण पाठवलेल्यांची अख्खी यादी विकिपीडियावर वर्षवार पडून आहे. ज्या देशाचा एकही सिनेमा आपण बघितलेला नाही, त्या देशाने स्वतःहून निवडून पाठवलेला सिनेमा. निवडीत राजकारण असतं, रटाळ गोष्टीही भरपूर असतात. तरीही 'तुम्हाला हेही आवडेल'पेक्षा हा सौदा मला कधीही परवडतो.

टक्क्यांच्या नादी मी लागत नाही. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचे ९५ टक्के म्हणजे सिनेमाला शंभरपैकी ९५ गुण नव्हेत. १०० समीक्षकांपैकी ९५ जणांचं मत अनुकूल आहे, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांनी 'ठीक आहे, बघायला हरकत नाही' म्हटलं तरी आकडा शंभरला पोचतो. उलट ज्यावर लोक हमरीतुमरीवर येतात तो सिनेमा पन्नाशीत अडकतो, आणि मला बहुधा तोच बघायचा असतो. त्यापेक्षा एक समीक्षक धरून ठेवावा. त्याचं आपलं पटलंच पाहिजे असं नाही. माझा एक ठरलेला आहे, त्याने 'संथ आणि कंटाळवाणा' लिहिलं की मी तो सिनेमा यादीत टाकते.

राहिली माणसं. 'काहीतरी चांगलं सुचव ना' असं विचारलं की समोरचा गडबडतो आणि सध्या गाजत असलेलंच नाव सांगतो. त्याऐवजी विचारा, 'असं काय बघितलंस जे तुला आवडलं, पण तुझ्या घरात कुणालाच नाही आवडलं?' माणूस क्षणभर थांबतो, मग खुलतो आणि अर्धा तास बोलतो. हे नाव लिहून घेताना शेजारी सांगणाऱ्याचंही नाव लिहा. काही काळाने त्या यादीवरून स्वच्छ कळतं कुणाचं ऐकायचं आणि कुणाला नुसतं 'हो हो, बघतो' म्हणायचं.

हे सगळं मिळवायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. ग्रंथालयं, फिल्म सोसायट्या, महोत्सव, मित्राच्या कपाटातल्या डीव्हीडी. स्वामित्वहक्क संपलेले जुने सिनेमे तर इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर फुकट आहेत. कधी शोधायला महिना जातो. जाऊ दे. इतकं शोधून मिळालेला सिनेमा दहाव्या मिनिटाला कुणी बंद करत नाही.

आता कमेंटमध्ये सिनेमाचं नाव लिहू नका. एखादा संकलक, एखादी ध्वनिसंयोजक, एखाद्या भागाचा लेखक, असं एकच नाव लिहा. पुढचं मी शोधते.