चित्र दिसतं, पण सापडत नाही

रेघा ओढलेला कागद दिसला की ती टेक्स्ट फाइल, हे सांगायला कुणी लागत नाही. तेच चित्र कुठून येतं ते स्क्रिप्टला शोधायला लावा, मग बघा गंमत.

मला फायलींची यादी काढायची होती आणि प्रत्येक नावाआधी त्या प्रकाराचा आयकॉन हवा होता. बस्स. पॉवरशेल या विंडोजच्या स्क्रिप्टभाषेत चार ओळींत उरकेल असं वाटलं. विंडोजमध्ये कुठेतरी तक्ता असेलच की: डावीकडे प्रकार, उजवीकडे चित्र! तक्ता नाही. आहे ती रजिस्ट्री, विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही. आणि रजिस्ट्री म्हणजे या टेबलावरून त्या टेबलावर पिटाळणारी कचेरी.

पहिल्या टेबलावर 'डॉट टीएक्सटी' बसलेला असतो. त्याच्याकडे चित्र नसतं. तो 'टीएक्सटीफाइल'कडे बोट दाखवतो. तिथे 'डिफॉल्टआयकॉन' नावाची 'की', म्हणजे नोंदीचा कप्पा, असतो. नाव वाचूनच जीव भांड्यात पडतो. उघडावी तर आत चित्राऐवजी चिठ्ठी: 'इमेजरेस डॉट डीएलएल, उणे 102'.

उणे एकशे दोन! चित्रांची उधारी चालते हे मला ठाऊक नव्हतं. तर त्याचा अर्थ असा: ही डीएलएल म्हणजे चित्रं भरून ठेवलेली विंडोजची फाइल; आकडा साधा असेल तर तिच्यातली चित्रं शून्यापासून मोजत जायचं, उणे असेल तर मोजायचं नाही, 102 हा त्या चित्राचा ओळखक्रमांक. हे ज्याला सुचलं त्याला माझा दुरून नमस्कार.

'डॉट ईएक्सई'ची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे चिठ्ठीवर फक्त 'टक्का एक'. म्हणजे, मला काय विचारता, ज्याची फाइल त्यालाच विचारा! त्यातून वापरणाऱ्याने 'नेहमी याच प्रोग्रामने उघडा' असं एकदा सांगून ठेवलं असेल, तर त्याची नोंद भलतीकडेच, 'युजरचॉइस'मध्ये. ती पाहिली नाही तर आधीची सगळी पायपीट वाया.

शेवटी 'एसएचगेटफाइलइन्फो' हे विंडोजचं तयार फंक्शन सापडलं. हा सगळा फेरा ते स्वतःच मारून येतं. वर एक फ्लॅग, म्हणजे जादा सूचना, दिला की फाइल अस्तित्वात नसली तरी चालते. नुसतं 'काहीतरी डॉट टीएक्सटी' म्हणा, आयकॉन हजर. खऱ्या फायलीसाठी मी दारोदार हिंडलो आणि जन्मालाच न आलेल्या फायलीचं काम उभ्या उभ्या झालं! अट एकच: काम झालं की 'डिस्ट्रॉयआयकॉन' म्हणून आयकॉन आपल्या हातांनी मोडायचा, नाहीतर तो मेमरीत ठाण मांडून बसतो.

यादी तयार झाली. सहकाऱ्याने डोळे बारीक करून पाहिली.

"आयकॉन जरा धूसर वाटतायत. मोठे नाही मिळत?"

मिळतात. 256 पिक्सेलचेही मिळतात, फक्त त्यांचं फंक्शन वेगळं.

"अक्षरं नीट दिसतायत ना?" मी म्हटलं. "मग ती वाच."