‘पॉश’ची बोट मुंबईच्या धक्क्याला लागलीच नव्हती

‘पॉश एरिया’, ‘पॉश सोसायटी’ यांतल्या पॉशची जन्मकथा दर काही महिन्यांनी ग्रुपवर फिरत येते. गोष्ट अशी: पी अँड ओ कंपनीच्या बोटी इंग्लंडहून मुंबईला यायच्या. येताना डाव्या बाजूच्या केबिनला ऊन कमी लागायचं, परतताना उजव्या. बड्या प्रवाशांना दोन्ही वेळा सावली मिळावी म्हणून तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची (जाताना डावी बाजू, घरी परतताना उजवी) आद्याक्षरं छापायचे, पी-ओ-एस-एच. म्हणून पॉश म्हणजे श्रीमंती थाटाचं. गोष्टीत मुंबई आहे, साहेब आहे, त्यामुळे ती आपल्याला जरा जास्तच गोड लागते. पण खोटी आहे.

उन्हाचा हिशोब मात्र बरोबर आहे, तेवढं श्रेय द्यायला हवं. भूमध्य आणि अरबी समुद्रात पूर्वेकडे येताना उजवी बाजू दक्षिणेला, म्हणजे उन्हात. तांबड्या समुद्रात तिच्यावर दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन, आणि रात्री केबिनची भट्टी. पण सावली खरी होती म्हणून शब्द तिथूनच आला, हे कसं काय सिद्ध होतं?

आता तिकीट. असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, आणि कंपनीच्या दप्तरातही त्याचा मागमूस नाही. राजवटीतल्या इंग्रजांनी ढिगांनी पत्रं, डायऱ्या, आठवणी लिहून ठेवल्या, बोटीवरच्या जेवणाच्या तक्रारींसकट. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या तोंडी असलेल्या शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा जाडजूड कोश १८८६ साली निघाला. त्यात बंगला, टिफिन, चिठ्ठीची ‘चिट’ सगळं सापडतं. थाटामाटाचा हा पॉश नाही.

मला सगळ्यात पटणारा पुरावा वेगळाच आहे. सप्टेंबर १९१८च्या ‘पंच’ या इंग्रजी विनोदी साप्ताहिकात एक व्यंगचित्र आलं. विमानदलातला तरुण अधिकारी आईला सांगतो, तिकडे आमची पॉश मजा झाली. आई विचारते, पॉश म्हणजे काय रे? तो म्हणतो, अगं, ‘स्विश’ला, म्हणजे झकपकला, आमच्यात तसं म्हणतात! गंमत कळते ना? शब्द इतका नवा, पोराटोरांचा होता की आईला अर्थ विचारावा लागला. सुएझ कालवा १८६९चा. तेव्हापासून साहेबांच्या तिकिटांवर हा शिक्का बसत असता तर या वर्गातल्या बाईला तो पाठ असता. आद्याक्षरांची गोष्ट छापील स्वरूपात दिसते ती १९३०च्या दशकात, म्हणजे शब्द रुळल्यावर.

शब्द त्याआधी नव्हता असं नाही. १९व्या शतकात लंडनच्या चोरबाजारी बोलीत पॉश म्हणजे पैसा, विशेषतः चिल्लर. शतकाच्या अखेरीस स्लँगच्या कोशात त्याचा ‘छानछोकी माणूस’ असाही अर्थ नोंदला गेला, आणि १८९२च्या ‘द डायरी ऑफ अ नोबडी’ या विनोदी कादंबरीत मरे पॉश नावाचा एक मालदार गृहस्थ येतो. छानछोकी माणसावरून छानछोकी वस्तूवर अर्थ सरकला असावा; कोशकार मात्र अजून ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ असंच लिहितात.

बोटीचं खोटं ठरलं की लगेच दुसरा दावा येतो: मग तो फारसी ‘पोश’, आपल्या पोशाखातला, पलंगपोसातला! उच्चार जुळतो, पण फारसीतून इंग्रजीत तो कसा पोचला याचा धागा कोणी दाखवत नाही.

आद्याक्षरांचा खरा ‘पॉश’ हवाच असेल तर तो आपल्याकडे आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा, ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरासमेंट’वरून पॉश. त्यातली अंतर्गत समिती दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात लागते. त्याचा बोटीशी संबंध नाही.

आणि भारताशी नातं? चिल्लरवाला पॉश युरोपातल्या रोमानी (जिप्सी) लोकांच्या भाषेतून आला असं मानतात. तिथे त्याचा अर्थ अर्धा, त्यावरून अर्धी पेनी. रोमानी ही मुळात उत्तर भारतातून गेलेली भाषा, आणि हा ‘अर्धा’ संस्कृत ‘पार्श्व’कडे नेऊन जोडतात. त्याच पार्श्वातून आपलं ‘पाशी’ आलं.