पेडलचा आवाज पीएपर्यंत, म्हणजे पब्लिकच्या स्पीकरपर्यंत, गेलाच नाही आणि शिव्या बसल्या डिजिटलला

शनिवारपासून डोकं फिरलंय माझं, लिहून टाकतो नाहीतर झोप लागायची नाही. गिग संपल्यावर बेस गिटार बॅगेत भरत होतो तर एक गिटारवाला मित्र येऊन म्हणतो, अरे तुझं डिस्टॉर्शन ऐकूच आलं नाही, डिजिटल आहे ना ते, त्यात दमच नसतो, अ‍ॅनालॉग घे. डिस्टॉर्शन म्हणजे पायाने चालू करायच्या पेडलमधून आवाज मुद्दाम फाडून खरखरीत करणं; माझं डिजिटल पेडल ते आवाजाचे आकडे करून करतं, अ‍ॅनालॉग थेट सर्किटने. मी तासभर स्टेजवर उभा, मागच्या अ‍ॅम्पमधून तो आवाज पोटऱ्यांवर आदळत होता, आणि हा म्हणतो ऐकूच आलं नाही.

घरी येऊन कुणीतरी मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ बघितला. त्यात स्पष्ट दिसतंय, कोरसच्या आधी मी पाय ठेवतो, पेडलचा लाल लाईट लागतो, आणि बेसचा आवाज तसाच्या तसा, गुळगुळीत, तसूभर फरक नाही. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. साउंडवाल्याने माझी केबल थेट डीआय बॉक्समध्ये (वाद्याचा सिग्नल मिक्सरकडे पाठवणारी डबी) घातली होती आणि डीआयच्या थ्रूमधून, म्हणजे तोच सिग्नल जसाच्या तसा बाहेर देणाऱ्या भोकातून, पेडलला दिली होती, म्हणजे पब्लिकला जाणारा सिग्नल पेडलच्या आधीच फुटून निघून गेला आणि डिस्टॉर्शन फक्त माझ्या अ‍ॅम्पात. साउंडचेकला दोनदा सांगितलं होतं की डीआय पेडलच्या नंतर घे. "हो दादा, होतंय" म्हणाला. आणि निकाल काय, तर डिजिटलमध्ये दम नसतो.

बरं, जिथे नीट लावतात तिथे दुसरं रडगाणं, डिस्टॉर्शन लावलं की बेस गायब होतो, हे पण डिजिटलमुळेच म्हणे. अरे गायब होतो कारण खालची मोकळी ई तार वाजते 41 हर्ट्झला, आणि सिग्नल क्लिप झाला, म्हणजे त्याचे शेंडे कापले गेले, की वरचे 82, 123 असे पटीतले सूर, म्हणजे हार्मोनिक्स, फुगतात, मूळचा 41 जागच्या जागी राहतो, वर सगळं दाबलं जाऊन बोटाचा ठोका पण सपाट होतो. त्यात पेडल गिटारचं असेल तर विषयच संपला. ट्यूब स्क्रीमर घ्या, गिटारचं प्रसिद्ध पेडल, शंभर टक्के अ‍ॅनालॉग, त्याच्या क्लिपिंगच्या सर्किटमध्ये 720 हर्ट्झच्या खाली गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) मुद्दाम उतरवलेला असतो, कारण गिटारला तेच हवं असतं. आणि दुकानदार छातीठोकपणे सांगतो, बेसला पण चालतं. चालतं, पण सोबत क्लीन, म्हणजे पेडल न लागलेला, सिग्नल मिसळायला लागतो! खालचा आवाज क्लीनमधून, वरची खरखर पेडलमधून. सॅन्सअ‍ॅम्पच्या बेस ड्रायव्हर पेडलवर ब्लेंडचा, म्हणजे दोन्ही मिसळायचा, नॉब त्यासाठीच दिलाय, आणि तो अख्खा अ‍ॅनालॉग आहे, म्हणजे हा प्रॉब्लेम अ‍ॅनालॉगवाल्यांना पण होताच ना. मोटरहेडच्या बेसवाल्या लेमीचं नाव घेऊन मला ज्ञान देणाऱ्यांनी तो रिकनबॅकर बेस गिटार आणि मार्शल अ‍ॅम्पवर खालचे (बेस) आणि वरचे (ट्रेबल) सूर पाडून मधले (मिड्स) किती वर ठेवायचा तेवढं बघावं, मग बोलावं.

डिजिटलला मी डोक्यावर घेऊन नाचत नाही. त्याचा खरा दोष मला माहितीये. 44.1 किलोहर्ट्झवर चालणाऱ्या, म्हणजे सेकंदाला 44,100 वेळा आवाज मोजणाऱ्या, मशिनीत 22.05 च्या वरचे हार्मोनिक्स मावत नाहीत, ते उलटे फिरून खाली येतात आणि सुरात नसलेली एक घाण किरकिर ऐकू येते, जुन्या स्वस्त मल्टिइफेक्टमध्ये ती यायचीच, आता ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे आत त्याहून जास्त वेळा मोजणं, केलं की बरीच आटोक्यात येते. दुसरा दोष उशिराचा. डिजिटल पेडल 2 मिलिसेकंद मागे असेल आणि तुम्ही क्लीन सिग्नल बाहेरच्या मिक्सरमध्ये त्याच्यात मिसळला, तर 250 हर्ट्झला दोघं एकमेकांना खाऊन टाकतात, बेसचा गाभाच पोकळ. म्हणून ब्लेंड त्याच पेडलच्या आत करायचा, तिथे बहुतेक वेळा दोन्ही सिग्नल जुळवलेले असतात. ह्यावर भांडा माझ्याशी, मी रात्रभर बसेन. पण "उबदार असतं रे अ‍ॅनालॉग" ह्याच्यापुढे कुणी जातच नाही, आणि डोळे बांधून दोन्ही ऐकवतो म्हटलं की सगळ्यांना घरी जायची घाई होते.

ह्या सगळ्याच्या मुळाशी साउंडचेक आहे, माझं मत पक्कं आहे. ड्रम्सला पाऊण तास, किकचा माईक चार वेळा हलवतात, गिटारवाल्याचे तीन टोन ऐकतात, आणि बेसला काय, "एक नोट दे... ओके, थँक यू". एका क्लीन नोटवर पूर्ण गिग मिक्स करतात! पुढच्या गिगला मी दोन लाईन देणार आहे, एक क्लीन, एक पेडलच्या नंतरची (मिसळायच्या तर तो उशीर आधी जुळवून), दोन्हीवर टेप लावून मार्करने नावं लिहून, आणि पीएमधून डिस्टॉर्शन माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय स्टेजवरून खाली उतरणार नाही, मागे कितीही बँड ताटकळत राहूदेत.