‘एक्स-रे पुरे, सीटी म्हणजे लूट’: वाकड्या पायाच्या कुत्र्यांबद्दलच्या एका मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या कुत्री पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कुत्र्याचा पाय वाकडा असेल तर एक्स-रेत सगळं दिसतं, प्लास्टर घाला, तेल चोळा, पाय सरळ होतो, सीटी स्कॅन आणि त्यातून बनवलेलं हाडाचं थ्री-डी चित्र हे पैसे उकळायचे धंदे आहेत, स्कॅनसाठी दिलेल्या भुलीनं कुत्री मरतात, आणि पाय नाहीच सुधारला तरी कुत्रं तीन पायांवर मजेत जगतं. मी इथं पशुवैद्यक म्हणून काम करतो. असले सल्ले ऐकून लोक पिल्लाला घरीच ठेवतात आणि वाढीचे मोलाचे महिने हातचे जातात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘एक्स-रेत सगळं दिसतं.’

पाय वाकडा आहे एवढं नक्की दिसतं. पण ऑपरेशन करणाऱ्याला हाड नेमकं कुठं कापायचं आणि किती फिरवायचं हे ठरवावं लागतं, आणि तिथं एक्स-रे तोकडा पडतो. एक्स-रे म्हणजे सावली. वाकडी काठी उन्हात एका ठरावीक बाजूनं धरली तर तिची सावली सरळ पडते. पिल्लाच्या पुढच्या पायाचं हाड बिघडतं तेव्हा बहुतेक वेळा तीन गोष्टी एकदम होतात: पंजा बाहेर झुकतो, हाडाला पुढच्या बाजूला बाक येतो आणि हाड स्वतःभोवती पीळ खातं. झुकाव आणि बाक समोरून व बाजूनं काढलेल्या एक्स-रेत मोजता येतात, तेही पाय टेबलावर नीट ठेवला असेल तरच. पिळाचं मात्र अवघड होतं. कोपर समोर आणलं की मनगट तिरपं होतं, मनगट समोर आणलं की कोपर.

मागच्या पायात याच्या उलटही घडतं. पॉमेरेनियनसारख्या छोट्या कुत्र्यांत गुडघ्याची वाटी आतल्या बाजूला सरकते, तेव्हा मांडीचं हाड मुळातच वाकडं आहे का, हे बघावं लागतं. एक्स-रे काढताना मांडी जराशी फिरली, तर चांगलं सरळ हाडसुद्धा वाकडं दिसतं. अशा फोटोवर भरवसा ठेवून हाड कापलं तर काय होईल, ते सांगायला नको.

सीटीत हाडाचे मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ छेद घेतात आणि कॉम्प्युटर त्यांतून पूर्ण हाड उभं करतो. ते पडद्यावर हवं तसं फिरवता येतं. कुत्रं टेबलावर कसं झोपलं होतं याचा मोजमापावर फारसा परिणाम होत नाही. मग वरच्या आणि खालच्या सांध्यापासून हाडाच्या मध्यरेषा काढतात. त्या जिथं एकमेकींना छेदतात, तिथं वाकाचा केंद्रबिंदू. माणसांच्या वाकड्या हाडांसाठी डॉ. ड्रोर पेली यांनी रूढ केलेली ही पद्धत कुत्र्यांच्या शल्यचिकित्सकांनी उचलली. डॅक्सहुंडसारख्या आखूड पायांच्या जातींत अनेकदा एका हाडात असे दोन वाक सापडतात. दोन्ही न ओळखता एकाच जागी कापलं, तर पाय लांबून सरळ दिसतो, पण सांधा तिरपाच राहतो किंवा पंजा कोपराच्या रेषेतून बाजूला जातो.

दुसरा पाय चांगला असेल तर त्याची आरशातली प्रतिमा नमुना म्हणून वापरता येते. हाड प्लास्टिकमध्ये खऱ्या आकाराचं छापून त्यावर आधी काप घेऊन बघता येतो, प्लेट आधीच वाकवून ठेवता येते. काही वेळा त्याच हाडावर, त्याच जागी बसेल असा, करवत कुठून चालवायची ते दाखवणारा साचाही छापतात. कुत्रं भुलीखाली आणि जखम उघडी असताना अंदाज बांधत बसण्याचा वेळ यामुळे वाचतो.

‘प्लास्टर घाला, तेल चोळा.’

हा सल्ला मला सगळ्यांत घातक वाटतो. पुढच्या पायात रेडियस आणि अल्ना ही दोन हाडं जोडीनं वाढतात. अल्नाची सुमारे ८५ टक्के लांबी मनगटाजवळच्या वाढीच्या चकतीतून, म्हणजे हाड जिथून लांब होतं त्या मऊ थरातून येते. कुत्र्यांत ही चकती शंकूच्या आकाराची असते. दुचाकीचा धक्का बसला किंवा पिल्लू जिन्यावरून पडलं, की ती घसरण्याऐवजी चिरडते. अल्नाची वाढ थांबते, रेडियस मात्र वाढत राहतो आणि जागा न मिळाल्यानं वाकतो. प्लास्टर ही वाढ कशी रोखणार? उलट आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात प्लास्टरखाली ओल, जखमा आणि कुजणं, हे सगळं होतं.

चिरडलेली चकती पहिल्या एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. म्हणून पिल्लाला मार लागला असेल, तर लंगडणं थांबलं तरी तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढा. कारवानी किंवा ग्रेट डेनसारखी झपाट्यानं वाढणारी पिल्लं असतील तर टाळाटाळ अजिबात नको. वाढ शिल्लक असताना लक्षात आलं, तर अल्नाचा छोटा तुकडा काढून तिथं चरबी ठेवतात, म्हणजे हाड लगेच जुळत नाही आणि रेडियसवरचा ताण सुटतो. अशा वेळी थ्री-डीची गरज बहुधा पडत नाही. वेळ निघून गेली, की मग पडते.

एक अपवाद खरा आहे. नुसतं मांस-भात खाऊन कॅल्शियमच्या कमतरतेनं हाडं नरम पडलेली पिल्लं आहार सुधारल्यावर बऱ्याचदा सावरतात. पण ते कारण आहे हे आधी कळायला हवं. आणि मोठ्या जातीच्या पिल्लाला मनानं कॅल्शियमचं औषध पाजत राहणं हेही हाडांना बाधतं.

‘सीटी म्हणजे पैसे उकळणं.’

प्रत्येक लंगड्या कुत्र्याला सीटी लागत नाही, आणि कुणी सरसकट सांगत असेल तर ‘यातून ऑपरेशनात काय बदलेल?’ असं जरूर विचारा. साधं, नुकतंच मोडलेलं हाड, वाटीचं सौम्य सरकणं, आहाराचा दोष यांत एक्स-रे पुरतो. गुडघ्याचा लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) तुटल्यावर जे हाड फिरवून प्लेट बसवतात, त्याचं मोजमापही बाजूच्या नीट काढलेल्या एक्स-रेवरच होतं. पीळ असेल, दोन वाक असतील, सांध्याजवळ बिघाड असेल किंवा आधीचं ऑपरेशन फसलं असेल, तिथं सीटीचा खर्च वाजवी आहे. सोलापूरहून पुण्या-मुंबईपर्यंत जाणं खर्चिक आहे, मला कळतं. पण चुकीच्या जागी कापलेलं हाड पुन्हा कापणं त्याहून महाग पडतं, आणि त्या वेदना कुत्र्याच्या वाट्याला येतात.

‘भुलीनं मरतात.’

भुलीत धोका असतोच. रक्ततपासणी आणि हृदयाची तपासणी त्यासाठीच. स्कॅन मात्र काही मिनिटांचं असतं, आणि पाय सरळ करायच्या ऑपरेशनात याहून कितीतरी लांब भूल द्यावीच लागते.

‘तीन पायांवर मजेत जगतं.’

पाय काढलेली पुष्कळ कुत्री खरोखर छान धावतात. पण वाकडा पाय म्हणजे नसलेला पाय नव्हे. त्यावर रोज वजन पडतं, आणि कुत्र्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या पायांवर असतं. आखूड अल्नामुळे कोपराचा सांधा जुळत नाही, कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत आवरण) झिजते, संधिवात जडतो. दोन्ही पाय वाकडे असतील तर हा दिलासा मुळीच लागू होत नाही.

या मेसेजला उत्तर देताना काहींनी ‘थ्री-डी केलं की शंभर टक्के सरळ’ असंही लिहिलंय. तेही चूक. साध्या सीटीत कूर्चा नीट दिसत नाही. आखडलेले स्नायू, जंतुसंसर्ग, ऑपरेशननंतर घरी मिळणारी विश्रांती यांचा हिशोब पडद्यावर होत नाही. स्वस्त प्लास्टिकचा साचा वाफेवर निर्जंतुक केला तर वाकतो, आणि मग त्याचं मापच चुकतं.

पुण्याला जायचं ठरलं तर निघण्याआधी दोन्ही पायांचे, कोपर आणि मनगट दोन्ही येतील असे एक्स-रे काढून घ्या. कुत्रं समोरून आणि बाजूनं चालतानाचा व्हिडिओ करा. एक्स-रेचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका, एक्स-रे सेंटरकडून मूळ डायकॉम फाइल (एक्स-रे मशीनमधली मूळ डिजिटल प्रत) मागून घ्या; तिरक्या फोटोवर कोन मोजता येत नाही.