दोन किलो खोबरे

मी जानेवारीत दिल्लीला जाणार असल्याची बातमी रत्नागिरीला कशी पोहोचली ते कळले नाही, पण दुसऱ्याच दिवशी मावशीचा फोन आला, "जातोच आहेस तर एवढं ने." या 'एवढ्या'त गोडा मसाला, कैरीचे लोणचे, रव्याचे लाडू आणि स्वतःच्या आगरातील नारळांच्या, गच्चीवर वाळवलेल्या खोबऱ्याच्या वाट्या होत्या. खोबरेच दोन किलो भरले.

तिकिटाप्रमाणे सामानाच्या बॅगेला १५ किलो आणि हातातल्या पिशवीला ७ किलोंची मुभा होती. विमानतळावरच्या काट्याने माझी बॅग १७.२ किलोंची असल्याचे सांगितले. हातातली पिशवी लाडवांनीच भरलेली होती. जादा वजनाचे पैसे ऐकल्यावर मी बाजूला होऊन बॅग उघडली आणि दोन स्वेटर, एक जाकीट व मफलर अंगावर चढवला, कारण प्रवाशाला काट्यावर उभे करीत नाहीत. मुंबईत जानेवारी म्हणजे काय असतो, हे मुंबईकरांना सांगायला नको. काटा मात्र बरोबर १५ वर आला.

बोर्डिंग पास घेऊन चार पावले टाकतो न टाकतो तोच मला परत बोलावले. तपासणीच्या यंत्रात दोन गोष्टी दिसल्या होत्या. पहिली पॉवर बँक. लिथियमची बॅटरी पेटली तर निदान माणसांच्या देखत पेटावी, म्हणून ती सामानात टाकायची नसते, जवळ बाळगायची असते. हे मला ठाऊक असूनही मी विसरलो होतो, तेव्हा मुकाट्याने ती खिशात घातली. दुसरी गोष्ट खोबरे.

"सुके खोबरे सामानात चालत नाही," अधिकारी अत्यंत सौजन्याने म्हणाले. "आपोआप पेट घेऊ शकते." घरी आल्यावर मी शोध घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत खोबऱ्याला खरोखरच १३६३ हा क्रमांक आहे, आणि त्याचे कारण त्यातले तेल. मावशीच्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यात पिढ्यान् पिढ्या जे निमूट बसून होते, त्याची नोंद थेट संयुक्त राष्ट्रांकडे असावी, याचा त्या क्षणीही मला किंचित अभिमान वाटला असता. पण घाम डोळ्यांत जात होता. गंमत म्हणजे झाकणाशी तेल सुटलेल्या लोणच्याच्या बरणीकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

वाट्या एका खोक्यात गेल्या. त्यात लायटरांच्या ढिगावर कोणाच्या तरी तीन वाट्या आधीच पडलेल्या होत्या. मला जरा धीर आला. मग लक्षात आले की बॅगेत आता दोन किलोंची जागा झाली आहे. स्वेटर आत ठेवू का, असे मी विचारले. "तपासलेल्या बॅगेत आता काही ठेवता येणार नाही."

तो सगळा लोकरीचा संसार पुढच्या सुरक्षा तपासणीत एकेक करून उतरवून ट्रेमध्ये ठेवावा लागला आणि मागच्यांच्या उसाशांच्या तालावर पुन्हा चढवावा लागला.

दिल्लीत वहिनींनी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो खोबरे आणवले. रात्री मावशीचा फोन आला, "खोबरं पोचलं ना रे?" मावसभावाने एक तुकडा तोंडात टाकला आणि शांतपणे सांगितले, "हो आई. आपल्या आगरातलं, चवीवरूनच कळतं."