खुब्यातला पू गोळ्यांनी जिरत नाही

माझ्या तीन रुग्णांच्या नातेवाइकांनी मला एकच मेसेज दाखवला. त्यात लिहिलंय: मोठ्या माणसाचा खुबा दुखत असेल आणि ताप नसेल, तर इन्फेक्शन नसतंच. सुईने पाणी काढू देऊ नका, जंतू आत शिरतात. भारी अँटिबायोटिक घेतलं की पू आतल्या आत जिरतो, ऑपरेशन लागत नाही. आणि बदललेल्या (कृत्रिम सांधा बसवलेल्या) खुब्यात पू झाला, तर पाय गेलाच समजा. मी हाडांचा डॉक्टर आहे. हा मेसेज वाचून लोक घरी थांबताहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ताप. सांध्यात पू झालेल्या मोठ्या माणसांपैकी साधारण निम्म्यांनाच ताप असतो. मधुमेह असलेले, डायलिसिसवर असलेले, संधिवातासाठी स्टिरॉइड घेणारे यांना हा आजार जास्त गाठतो आणि त्यांच्यातच तो दबून राहतो. गुडघा सुजला की दिसतो; खुबा मांसाखाली खोल असतो, सूज दिसत नाही. सुरुवातीचा एक्स-रेही साफ येतो. दुखतं ते जांघेत, कधी फक्त गुडघ्यात. पाय किंचित दुमडून बाहेर वळवून ठेवलेला, आणि कुणी तो जरा फिरवला तरी माणूस ओरडतो. असा पाय दिसला तर थर्मामीटर काहीही दाखवो, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि सोनोग्राफी त्याच दिवशी करावी.

सुईबद्दलची भीती सगळ्यात जास्त नुकसान करते. सोनोग्राफीत बघत, निर्जंतुक सुईने पाणी काढताना जंतू आत जाण्याचा धोका अगदी नगण्य आहे. सुईच्या वाटेवरची कातडीच पिकलेली असेल, तर आम्ही वाट बदलतो. त्या काही मिलिलिटर पाण्यावर पुढचं सगळं ठरतं: त्यात पेशी किती, जंतू कोणता, कोणतं औषध त्याला मारतं, टीबी आहे का, की यूरिक अॅसिडचे खडे आहेत. बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू निघतो, पण नेहमी नाही. अँटिबायोटिक आधी पोटात गेलं की कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, बऱ्याचदा काहीच उगवत नाही. माझ्याकडे आलेल्या एका ऊसवाल्या शेतकऱ्याचं असंच झालं. मधुमेह होता, गावातच गोळ्यांचे दोन कोर्स झालेले, खुब्यात पू, पण रिपोर्ट कोरा. सहा आठवडे आम्ही अंदाजाने औषधं दिली आणि रोज मनात धाकधूक होती. म्हणून क्रम असा: आधी सांध्यातलं पाणी आणि रक्ताचं कल्चर, मग औषध. बीपी घसरतंय, रुग्ण गुंगीत जातोय, अशा वेळी मात्र रक्त घेऊन औषध लगेच सुरू करायचं. सुईसाठी थांबायचं नाही.

आता ‘जिरतो’ या शब्दाकडे येऊ. खुबा ही बंद पिशवी आहे. पू साठला की आत दाब वाढतो आणि मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक नसा त्याखाली सापडतात. पुवातल्या पेशींमधले रस कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) विरघळवतात, काही दिवसांतच, आणि मोठ्या माणसात ती कूर्चा पुन्हा येत नाही. औषध जंतू मारतं. साठलेला पू आणि दाब ते काढत नाही. म्हणून सांधा उघडून किंवा दुर्बिणीने धुवावा लागतो, कधी दोनदा-तीनदा. त्यानंतर साधारण चार ते सहा आठवडे औषध.

मेसेजचं मूळ कुठून आलं असावं, तेही सांगतो. टीबीचा खुबा आपल्याकडे नवा नाही. हाडांच्या टीबीत मणक्यानंतर तोच. त्यात बऱ्याच जणांना ऑपरेशन लागत नाही, वर्षभर गोळ्या आणि सुरुवातीला वजन लावून ताण पुरतो. पण तो आजार महिनोन्‌महिने सरकतो, आणि हा दिवसांत. एकाचा सल्ला दुसऱ्याला देऊ नये. तसंच, सलाईनमधूनच औषध हवं असंही नाही. ब्रिटनमधल्या 2019 च्या ओव्हिवा चाचणीत हजाराहून अधिक रुग्ण होते. पहिल्या सहा आठवड्यांत योग्य निवडलेल्या गोळ्या शिरेतल्या औषधापेक्षा कमी ठरल्या नाहीत. पण त्यातल्या बहुतेकांचं ऑपरेशन झालेलं होतं, हे मेसेजवाले सांगत नाहीत.

राहिला बदललेला खुबा. धातूवर जंतू चिकट थर करून बसतात, तिथे औषध नीट पोचत नाही. ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत, पक्का बसलेला सांधा न काढता, आतून धुवून आणि सुटे भाग बदलून तो वाचवता येतो. म्हणून जखमेतून पाणी आलं की फोटो पाठवत बसू नका, दवाखान्यात या. उशीर झाला तर सांधा काढून नवा बसवतात, एकाच वेळी किंवा दोन टप्प्यांत. 2022 च्या इन्फॉर्म चाचणीत दीड वर्षानंतर दोन्ही पद्धतींत दुखणं आणि चालणं सारखंच होतं. औषध मात्र लवकर थांबवू नये. फ्रान्समधल्या 2021 च्या चाचणीत सहा आठवड्यांच्या गटात 18 टक्क्यांना संसर्ग टिकला, बारा आठवड्यांच्या गटात 9 टक्क्यांना. अगदीच नवा सांधा बसवता आला नाही, तरी गर्डलस्टोन पद्धतीने सांधा काढलेले अनेक रुग्ण उंच टाचेची चप्पल आणि काठी घेऊन घरात, अंगणात चालतात. पाय काही सेंटिमीटर आखूड होतो, पण तो त्यांचाच असतो.